नक्कीकाका आणि हिरव्या गाडीचं इंजिन

गॅरेजच्या पाटीवर मालकाचं नाव होतं, पण ते वाचायच्या भानगडीत कुणी पडत नसे. सगळे त्यांना नक्कीकाका म्हणत. गिऱ्हाइकानं गाडी आणून उभी केली की बॉनेट उघडायच्या आधीच काका कान टवकारत, दोनदा ॲक्सिलरेटर दाबायला सांगत आणि जाहीर करत, "तिसरा प्लग. नक्की!" आणि खरंच तिसराच प्लग गेलेला निघे.

काकांचे वडील घड्याळं दुरुस्त करत. पोरानंही तेच शिकावं अशी त्यांची इच्छा, पण पोराची बोटं जाड. "घड्याळात हात मावेना, म्हणून गाडीत घातला," असं काका सांगत. तो हात त्यांनी साठी उलटली तरी बाहेर काढला नव्हता.

घरी मात्र उलटा कारभार. जवळचा चष्मा कुठला आणि लांबचा कुठला, पाण्याची मोटर चालू केली की बंद, धुवायचा शर्ट कोणता आणि धुतलेला कोणता, सगळ्यात घोळ. काकू गॅरेजच्या मागच्या खोलीत शिवणकाम करायच्या. मशीनवरून मान वर न करता त्या म्हणत, "ह्यांची सगळी अक्कल इंजिनात सांडते. घरी येतात ते रिकामेच."

तर अशा काकांकडे एके दिवशी ट्रकवर लादून एक गाडी आली. ठेंगणी, लांब नाकाची, दोनच माणसांची, गडद हिरवी. वर्षानुवर्षं ताडपत्रीखाली राहून ती पार कळाहीन झाली होती, पण बसायची ऐट तशीच. रुसून कोपऱ्यात बसलेल्या सुंदर बाईसारखी. बरोबर आलेली मालकीण दातांची डॉक्टर होती. गाडी तिच्या वारलेल्या वडिलांची.

"पुन्हा पहिल्यासारखी करायची आहे," डॉक्टर म्हणाली. "पण एकही स्क्रू फिरवण्याआधी मला एक गोष्ट सांगा. इंजिन मूळचं आहे का?"

"तेवढं कशाला हवंय? चालल्याशी मतलब."

"नाही काका. बाबा जन्मभर सांगायचे, हिचं काळीज घरचंच आहे. आणि दादा म्हणतो, बाबांनी इंजिन बदललं. तो सहा वर्षांचा असताना अंगणात साखळीला इंजिन लोंबकळताना त्यानं पाहिलंय म्हणे. मी तेव्हा कडेवर होते. आमच्या दोघांत यावरून वर्षभर धुसफूस चाललीय. मला एवढंच कळू दे, बाबा खरं बोलत होते की नाही."

काका म्हणाले, "उद्या सांगतो. नक्की."

काम तसं सरळ होतं. कारखान्यानं गाडीच्या आत एक पितळी पाटी ठोकलेली असते. तिच्यावर सांगाड्याचा नंबर आणि इंजिनाचा नंबर, दोन्ही. इंजिनाच्या कुशीला एक सपाट जागा असते, तिथं तोच नंबर लोखंडात ठोकलेला. दोन्ही जुळले की गाडी आणि इंजिन जन्माचे सोबती. काकांनी घासलेट आणि ब्रश घेऊन ओणवं होऊन तासभर चिकटा खरवडला. एकेक इंग्रजी आकडा वर आला. पाटीवरचा शेवटचा आकडा आठ. इंजिनावरचाही आठ. काकांनी हात पुसले आणि लगेच फोन लावला.

"डॉक्टर, तुमचे बाबा खरे. तेच इंजिन. नक्की!"

 ती म्हणाली, "थांबा, दादाला आत्ता कळवते." 

दादा काही कच्च्या गुरूचा चेला नव्हता. त्यानं आकड्यांचा फोटो मागितला. दुसऱ्या दिवशी काका फोटो काढायला बसले, पण काळ्यावर काळं, काही उमटेना. तेव्हा ते मागच्या खोलीत गेले आणि काकूंचा कापडावर खुणा करायचा पांढरा खडू उचलून आणला. आकड्यांवर आडवा घासला. नंबर चंद्रासारखा उजळला.

आणि शेवटचा आकडा नऊ होता.

काकांनी चष्मा काढला, दुसरा लावला. नऊ. पहिला पुसून परत लावला. नऊच. त्यांनी काकूंना हाक मारली.

"अगं, हा कितीचा आकडा आहे बघ."

काकू वाकल्या. "नऊ. आणि माझा खडू कुणाला विचारून घेतलात?"

"आठ नाही ना?"

"आठाला दोन पोटं असतात. ह्याला एक पोट आणि एक शेपूट."

काकांच्या लक्षात आलं. काल खालच्या पोकळीत चिकट्याचा एक गोळा अडकला होता, त्यानं नऊचा आठ केला होता. एवढ्या वर्षांच्या नक्कीची एका गोळ्यानं माती केली.

पण घोळ एवढ्यावर थांबला असता तर बरं. कुणी लबाडी केली असेल, जुना नंबर घासून नवा ठोकला असेल, म्हणून काकांनी भिंग लावलं. तर तसं काहीच नाही. कारखान्यात ती जागा घासताना पडलेल्या बारीक रेघा अखंड होत्या, आकडे मुळातलेच, किंचित तिरके. पितळी पाटीचे रिवेटही कधी हललेले नव्हते. इंजिन अस्सल. गाडी अस्सल. फक्त दोघांची एकमेकांशी ओळख नाही, आणि तरी अंतर एकाच आकड्याचं. बदलायचं तर कुठलंही इंजिन आलं असतं. अगदी शेजारचंच कसं आलं? का कारखान्यातल्याच कुणाची पाटी ठोकताना डुलकी लागली? मग दादानं अंगणात पाहिलं ते काय?

दिवसभर काका गाडीभोवती घिरट्या घालत राहिले. एका गिऱ्हाइकाच्या गाडीत त्यांनी तेलाऐवजी पाणी ओतायचं तेवढं बाकी ठेवलं. शेवटी मन घट्ट करून त्यांनी फोन उचलला.

"डॉक्टर, ते कालचं जरा... थांबवा."

"थांबवू कसं? दादाशी भांडून झालंय माझं! काय झालं?"

"म्हणजे इंजिन खरं आहे. पण ते हे इंजिन नाही."

"काका, मी दातांची डॉक्टर आहे. दात खरा की खोटा, एवढं सांगा."

"दात खरा आहे हो," काका कळवळून म्हणाले, "पण दुसऱ्याच्या तोंडातला आहे."

संध्याकाळी दवाखाना उरकून डॉक्टर गॅरेजवर आली. तोंड उतरलेलं. काकांनी तिच्यासमोरच इंजिन साखळीला लावून वर उचललं. म्हटलं, जे काय असेल ते तिच्या डोळ्यांदेखत निघू दे. इंजिन ज्या लोखंडी पट्ट्यांवर बसतं, त्या पट्ट्या इंजिनाबरोबरच वर आल्या. काकांनी त्या पुसल्या आणि त्यांचा हात थबकला. पट्टीच्या आतल्या कडेला रंगाचे शिंतोडे होते. हिरवे नाहीत. पिवळे.

"ही गाडी कधी पिवळी होती?"

"छे. पहिल्यापासून हिरवीच."

"मग हे इंजिन एखाद्या पिवळ्या गाडीत बसलेलं होतं."

डॉक्टरनं बोटानं शिंतोडे चाचपले. मग हळूच म्हणाली, "आत्याची गाडी पिवळी होती. पण ती तर जळाली. घरात आत्यासमोर गाडीचं नावच काढत नाही कुणी."

दुसऱ्या दिवशी दोघं आत्याकडे गेली. ऐंशी ओलांडलेली बाई, काटक, खिडकीत कुंड्यांना पाणी घालत होती. तिनं आणि डॉक्टरच्या वडिलांनी मिळून छापखाना चालवला होता. डॉक्टरनं भीत भीत विषय काढला. रडारड होईल अशी तिची भीती. आत्यानं झारी खाली ठेवली आणि ती खो-खो हसत सुटली.

"सापडलं का शेवटी! अगं, धंदा चांगला चालला त्या वर्षी आम्ही दोघांनी एकाच दिवशी, एकाच दुकानातून गाड्या घेतल्या. त्याची हिरवी, माझी पिवळी. एकामागून एक कारखान्याबाहेर पडलेल्या. डोंगराच्या रस्त्यावर शर्यत लावायचो. दर वेळी मीच पुढे. तुझा बाप माझ्याहून दोन वर्षांनी लहान, पण बढाई दहा वर्षांनी मोठी. म्हणे, ताई, तुला इंजिन चांगलं लागलंय. म्हटलं, घे मग! घे माझं इंजिन आणि दे तुझं."

"आणि अंगणात..."

"अंगणात चार दिवस नुसता धुरळा. तुझा दादा तिथंच बसून बघत होता, त्याला हाकलून हाकलून दमलो. अदलाबदल झाली आणि पुन्हा डोंगरावर गेलो."

"कोण जिंकलं?" काकांना राहवलं नाही.

"तुम्हाला काय वाटतं?" आत्या म्हणाली आणि पुन्हा हसली. मग हसू ओसरलं. "त्यानंतर महिनाभरानं माझ्या गाडीनं वळणावर पेट घेतला. पेट्रोलचा पाइप निसटला होता. मी उडी मारली, केस तेवढे होरपळले. गाडी गेली, त्याचं इंजिन गेलं. तुझ्या बापानं घेतलं डोक्यात की तो पाइप त्यानंच नीट बसवला नाही. हिरवीवर ताडपत्री टाकली ती टाकलीच. मी किती सांगितलं, अरे, पाइप तू बसवलास की मी, मलाच आठवत नाही! दोघांचे हात सारखेच काळे होते."

"खरंच आठवत नाही?"

"आजसुद्धा नाही. कधी वाटतं त्यानं बसवला, कधी वाटतं मीच. आठवायला जावं तर हातात पाना दिसतो, पण हात कुणाचा ते दिसत नाही." तिनं भाचीकडे पाहिलं. "त्याला आठवत होतं म्हणे. मला वाटतं त्यालाही नव्हतं."

 परत येताना डॉक्टर म्हणाली, "म्हणजे बाबा खोटं नाही बोलले. घरचंच म्हणाले होते, मूळचं नाही. मूळचं मीच ऐकलं. आणि दादानं पाहिलं तेही खरं. मग मी भांडले कशासाठी? आणि काका, आता इंजिन मूळचं म्हणायचं की नाही?"

 कारखान्याच्या हिशेबानं नाही. पण गाडी इतकी वर्षं उभी राहिली ती ह्याच इंजिनावर, आणि हे काढून कुठलं घालायचं? मूळचं तर राख झालं. "मला विचारू नका," काका म्हणाले. "दादाला काय सांगायचं ते तुम्हीच ठरवा."

तिनं दादाला फोन करून सगळं जसंच्या तसं सांगितलं. तो म्हणाला, "पिवळी गाडी मला आठवतच नाही गं." आणि कामाला लागा म्हणाला.

काकांनी काम मनापासून केलं. सांगाड्याचा गंज काढला, इंजिन सुटं सुटं करून पुन्हा जुळवलं, हिरवा रंग शोधायला चार दुकानं पालथी घातली. काकूंनी आसनांचं कातडं शिवलं आणि मशीनची सुई मोडली म्हणून बोलणीही ऐकवली. पट्टीवरचे पिवळे शिंतोडे मात्र डॉक्टरनं पुसू दिले नाहीत. पेट्रोलचा पाइप काकांनी तीनदा बसवला, तीनदा काढला आणि शेवटी काकूंना उभं करून दाखवला. "बसलाय ना? तू पाहिलंस ना?"

"पाहिलं," काकू म्हणाल्या. "उद्या तुम्ही विसरलात तर मी आहे."

गाडी पहिल्यांदा सुरू करायच्या दिवशी आत्या काठी टेकत आली. इंजिन दोनदा खोकलं आणि मग सुरू झालं. डॉक्टर डोळे पुसत होती. काका आत्याच्या चेहऱ्याकडे बघत होते. त्या बाईला आपलं इंजिन इतक्या वर्षांनी ऐकून काय वाटेल?

आत्या मान तिरकी करून ऐकत राहिली. मग तिच्या कपाळावर आठी पडली.

"हे माझं वाटत नाही हो," ती म्हणाली.

काका म्हणाले, "आत्याबाई, पिवळे शिंतोडे आहेत! नंबर आहे!"

"असतील. माझं असं घुमायचं नाही. की घुमायचं?" तिनं पुन्हा कान दिला. "मला वाटतं आम्ही एकदा परत बदललं होतं बहुतेक. का नुसतं बदलू या म्हणालो होतो?"

 आत्यानं काठी काकांच्या हातात दिली, दार उघडलं आणि गुडघे धरत धरत चालकाच्या आसनावर जाऊन बसली.

"गाडी अशी उभी असताना कळत नाही," ती म्हणाली. "चालवून सांगते. बस गं शेजारी."

डॉक्टर धावत जाऊन बसली. हिरवी गाडी एकदा हिसका देऊन गॅरेजबाहेर पडली आणि कोपऱ्यावर वळली. काका हातात काठी घेऊन फाटकात उभे राहिले, आवाज ऐकू येईनासा होईपर्यंत.