आयसाठी चार खांदे

रावजीनं रत्नागिरीत तीन चर्चं पाहिली आणि तिन्ही ठिकाणी एकच गोष्ट मोजली, ती म्हणजे पुरुषांचे खांदे. देव कोणाचा मोठा आणि पाद्री कोणाचा शहाणा, असल्या भानगडीत तो पडला नाही. त्याची आई मरणाला टेकली होती आणि तिला उचलायला माणसं नव्हती.

तो मूळचा पावसच्या वरच्या अंगाचा, कातळावरच्या एका गावचा. तिथं सहा वर्षांपूर्वी जमिनीच्या हद्दीवरून भांडण झालं. मोजणीदारानं विचारलं, तेव्हा यानं जुना बांध जिथं होता तिथंच बोट दाखवलं. ते बोट गावचा मानकरी सखाराम याच्या विरुद्ध गेलं. गावकी बसली आणि रावजीचं घर वाळीत पडलं. वाळीत म्हणजे काय, ते भोगणाऱ्यालाच ठाऊक. चुलीला विस्तव मिळत नाही, शिमग्यात पालखी दारावरून तशीच पुढं जाते, आणि घरात माणूस मेलं तर गाव दारं लावून आत बसतं. रावजीचा बाप त्याच साली मेला. काळं कुत्रं फिरकलं नाही. रावजीनं आणि त्याच्या आईनं, चिमानं, म्हाताऱ्याला शिडीला बांधला आणि कातळावरून ओढत मसणात नेला. गाव करील ते राव काय करील, असं म्हणून लोक हसले.

मग मायलेक रत्नागिरीला आले. मिरकरवाड्याच्या बाजूला एका बर्फाच्या कारखान्यात रावजीला काम मिळालं, मागं राहायला खोली मिळाली. बायको मात्र कधी मिळाली नाही. वाळीतल्या घरात पोरगी कोण देतो? त्र्याऐंशी सालच्या उन्हाळ्यात चिमानं अंथरूण धरलं. मागणं एकच.

"तुज्या बापसाला वढीत नेला, तसा माला नेव नको रं. चार खांदं बघ कुटं तरी."

कारखान्यातले गडी पावसाळ्यात, मासेमारी बंद झाली की आपापल्या गावी जात. म्हातारी नेमकी तेव्हाच जाणार, हे रावजीला कळत होतं.

अशात एक दिवस त्यानं रस्त्यात ख्रिस्ती लोकांची प्रेतयात्रा पाहिली. काळी पेटी, सहा जणांनी उचललेली, मागं पन्नास माणसं गाणं म्हणत चाललेली. त्यानं एकाला विचारलं, "कोण गेलं?" मिशनच्या दवाखान्यातली जुनी आया गेली होती. "तिचे मुलगे काय हे?" तो माणूस म्हणाला, "तिला कोणीच नव्हतं. ही आमची मंडळी."

कोणीच नाही, आणि सहा खांदे! रावजी जागच्या जागी उभाच राहिला. पुढच्याच रविवारी तो मिशनवाल्यांच्या चर्चमध्ये गेला.

तिथं मूर्ती नाही, फूल नाही, घंटा नाही. बाकांवर लोक इस्त्रीचे कपडे घालून परीक्षेला बसावं तसे बसलेले. बाजाच्या पेटीवर मराठी गाणी झाली, ती त्याला आवडली. पुढचं भाषण तासभर चाललं. रावजी नारळ घेऊन गेला होता. तो कुठं वाढवायचा ते कळेना, म्हणून उपासना संपेपर्यंत मांडीवर घेऊन बसला. पुरुष मोजले, बावीस भरले. शेवटी दमयंतीबाई नावाच्या शिक्षिकेनं त्याला गाठलं.

"कुठल्या मंडळीचे आपण? तिकडच्या पाळकांची चिठ्ठी आणलीत?"

चिठ्ठी नाही म्हटल्यावर तिनं समजावलं, की आधी वर्षभर शिक्षण, मग बाप्तिस्मा, मग नाव यादीत. रावजीनं विचारलं, वर्षाच्या आत घरात कोणी मेलं तर? बाई म्हणाल्या, "प्रार्थना करू हं आम्ही." तोंडानं करायचं असलं की माणूस किती उदार होतो!

दुसऱ्या रविवारी तो एका माळ्यावर भरणाऱ्या सभेत गेला. तिथं बाक नव्हते. लोक टाळ्या पिटत होते, रडत होते, हालेलुया म्हणून ओरडत होते. चिठ्ठीबिठ्ठी कोणी मागितली नाही. उलट चौदा जणांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवले. सहा वर्षांत आईखेरीज कोणी त्याला हात लावला नव्हता. त्याला रडू फुटलं. पण त्यानं खांद्यांचं विचारताच पुढारी भाऊ भडकले.

"मरणाची भाषा? विश्वास असता तर म्हातारी एव्हाना चालायला लागली असती! खोट तुझ्यात आहे."

म्हणजे आई मेली तर दोष रावजीचा, आणि न्यायची तीही त्यानंच.

तिसरं चर्च रोमन कॅथलिक लोकांचं. तिथं मात्र त्याला घरच्यासारखं वाटलं. मेणबत्त्या, धूप, घंटी, आणि हार घातलेली आई लेकराला कडेवर घेऊन उभी. लोक गुडघे टेकत, छातीला हात लावत. नारळाचं इथं जमलं असतं, असं त्याला वाटलं. पुरुष मोजता मोजता आकडा साठीपलीकडं गेला. शेवटी सगळे रांगेत उभे राहिले, तसा तोही राहिला. फादरनी त्याच्या जिभेवर कागदासारखी पातळ चकती ठेवली. प्रसादच हा! रावजीनं आयुष्यात कधी प्रसाद एकट्यानं खाल्ला नव्हता. बाहेर येऊन त्यानं ती चकती जिभेवरून काढली, रुमालात गुंडाळली आणि घरी आईला भरवली.

"साकर नाय काय रं हेच्यात?" चिमानं विचारलं, आणि श्रद्धेनं डोळे मिटून गिळली.

पुढच्या रविवारी त्यानं रांगेत सगळ्यांदेखत फादरना म्हटलं, "आयसाठी आणखी एक द्या. गेल्या वेळची तिलाच दिली मी. तिला येववत नाय."

फादरचा चेहरा पांढरा पडला. लोक उठून उभे राहिले. ती चकती म्हणजे त्यांच्या लेखी प्रभूचं शरीर, आणि ते बाप्तिस्मा नसलेल्या माणसानं तोंडातून काढून रुमालात नेलं होतं! दोघांनी रावजीला दंडाला धरून फाटकाबाहेर घातलं. फाटकाशी त्याच्या गावचा विठू केळी विकत बसला होता. त्यानं सगळं कान देऊन ऐकलं, आणि केळी तशीच टाकून संध्याकाळची एसटी धरली.

आषाढ लागला आणि चिमा गेली. सकाळची वेळ. रावजीनं तिला धडोत्यानं झाकलं, नारळ घेतला आणि आधी गावी गेला. सखारामच्या अंगणात नाक घासलं.

"बांधाचा मी खोटा बोललंय म्हणतो. काय पण करा. फक्त चार माणसं द्या."

सखाराम झोपाळ्यावरून उठलासुद्धा नाही. "वाळीतला परत घेता येतो, रावज्या. बाटलेला नाय. तुज्या आयशीनं पाद्र्याचा पाव खाल्लान. ती आता त्यांची. त्यांना सांग."

रावजी धावत रोमन चर्चला आला. "फादर, तुमचा पाव खाऊन माझी आय तुमची झाली, असं गाव म्हणतं." फादर म्हणाले, "पाव खाऊन कोणी ख्रिस्ती होत नाही, बाबा. बाप्तिस्मा कुठं झाला होता तिचा?" मिशनचे पाळक परगावी गेले होते. माळ्याला कुलूप होतं.

एकच चकती. गावाला म्हातारी बाटवायला ती पुरली, चर्चला आपली म्हणायला पुरली नाही.

संध्याकाळच्या आत रावजीनं कारखान्याची हातगाडी काढली. फळ्यांना बर्फावरचा भुसा चिकटला होता, तो त्यानं हातानं पुसला आणि आईला वर निजवली. मसणाच्या चढावर गाडी मागं सरकू लागली, तेव्हा त्यानं पाठ लावून ती अडवली. रस्त्यातल्या लोकांनी बर्फाची गाडी समजून वाट दिली. बापाला ओढत नेला होता, आईला ढकलत नेली, एवढाच काय तो फरक.

नारळी पौर्णिमेनंतर कारखाना सुरू झाला. एके दुपारी दमयंतीबाई घाईघाईनं त्याला शोधत तिथं आल्या.

"आमच्या शाळेचा जुना शिपाई गेला हो. मुलगे मुंबईला, ते पोचायचे नाहीत. पाच जण आहेत, सहावा मिळत नाही. तुम्ही अंगानं दणकट आहात. याल?"

रावजीनं हातातला बर्फ ओढायचा आकडा खाली ठेवला. "चिठ्ठी लागंल काय, बाई?"

"अहो, खांदा द्यायला कसली चिठ्ठी?" बाई हसून म्हणाल्या.

रावजी गेला. पेटीच्या मागच्या कोपऱ्याला त्यानं खांदा लावला आणि सगळे चालू लागले. शिपाई चांगला जाडजूड होता, तरी सहा जणांत वजन असं काही लागतच नव्हतं. एवढंसंच तर मागितलं होतं त्यानं साऱ्या जगाकडे. दहा पावलांवर रावजीला हुंदका आवरेना, तो चालता चालता मोठ्यानं रडू लागला. मागची मंडळी एकमेकांना म्हणाली, "म्हाताऱ्यावर फार जीव होता वाटतं याचा."