ग्रीकमध्ये एक पेला पाणी

ज्या विद्येचा स्वतःला, घराला आणि गल्लीला काडीचा उपयोग नाही, ती जिवापाड मेहनत करून मिळवणारा माणूस पाहायचा असेल, तर कोल्हापुरात शिवाजी पेठेत या आणि आमच्या थोरल्या साडूंचं घर विचारा. कुणीही दाखवील. दाखवताना हसेल, तेवढं मनावर घेऊ नका. साडूंना ग्रीक येतं. म्हणजे असं ते म्हणतात, आणि खरंखोटं करायला आपल्याकडे दुसरा कुणी नाही, हेच त्यांच्या विद्वत्तेचं भांडवल.

पेठेतून रोज एसटीनं जाऊन मुरगूडच्या एका हायस्कुलात त्यांनी हयातभर इंग्रजी शिकवलं. रिटायर झाल्यावर माणसं सकाळी फिरायला जातात, साखर तपासून घेतात, सुनेच्या स्वयंपाकात लक्ष घालतात. हे गृहस्थ रद्दीच्या दुकानात गेले आणि किलोच्या भावानं एक जाडजूड कोश उचलून आणला. इंग्रजी शब्द आणि त्यांचे प्राचीन ग्रीक प्रतिशब्द. त्या दिवसापासून त्यांनी नेहमीच्या बोलण्यातला एकेक इंग्रजी शब्द पकडून ग्रीकमध्ये नेण्याचा सपाटा लावला. अर्धा कोश पाठ झाल्यावर मोबाइलवर त्यांना कळलं, की आजचे ग्रीक लोक ही भाषा बोलतच नाहीत, त्यांची भाषा पार बदलली आहे. दुसरा कुणी असता तर कपाळाला हात लावून कोश परत रद्दीत घातला असता. साडूंनी दोन्ही भाषा ठेवल्या, नवी मोबाइलवरून शिकायला घेतली आणि वर नियम केला: वडीलधाऱ्यांशी जुनं ग्रीक, बरोबरीच्यांशी आणि पोराबाळांशी नवं. "आवं, वडीलधाऱ्या माणसासमोर नवं ग्रीक काढायचं म्हंजे अरे-तुरे केल्यागत हाय की," असं ते मला गंभीरपणे समजावून सांगत. मी वयानं लहान, धाकटा साडू, त्यामुळे माझ्या वाट्याला कायम नवंच. दारात पाऊल टाकलं की नमस्काराचं 'यासू', निघताना आभाराचं 'एफखारिस्तो'. कशाचे आभार, तर त्यांचं ऐकून घेतल्याचे. ते मात्र रास्तच होते.

घरात जागोजागी चिठ्ठ्या. दारावर 'थुरा' आणि खाली 'पोर्ता', म्हणजे जुनं दार आणि नवं दार, दार एकच. ताटात भाकरी असली तर ती 'आर्तोस' आणि बेकरीतला पाव आला तर तो 'प्सोमी', कारण भाकरी वडीलधारी आणि पाव कालचं पोर. 'जरा अ‍ॅडजस्ट करा' याला ग्रीकमध्ये काय म्हणावं यासाठी त्यांनी आठवडा घालवला. कपाळाला बाम लावून बसले होते. शेवटी जाहीर केलं, की ग्रीकांकडे ही कल्पनाच नव्हती. "म्हणून तर आपसांत भांडून बसलं बघा ते!" एवढ्या मोठ्या संस्कृतीचा निकाल त्यांनी चहा गार व्हायच्या आत लावला. एकदा संध्याकाळी रंकाळ्यावर शेंगदाणेवाला 'टाइमपास, टाइमपास' ओरडत होता. साडूंनी त्याला थांबवून सांगितलं, की ग्रीसमध्येही वेळ घालवायला खातात त्या भाजलेल्या बियांना 'पासातेम्पो' म्हणतात, अर्थ तोच. शेंगदाणेवाल्यानं शांतपणे विचारलं, "पुडी देऊ न्हवं?" साडूंना यात ज्ञानाची देवाणघेवाण दिसली, मला पुडी दिसली.

फुटबॉलच्या मॅचला तर मी त्यांच्याबरोबर जाणं सोडूनच दिलं. पेठेत मॅच म्हणजे काय ते तुम्हाला माहीत असेल. त्या गर्दीत पंचानं पेनल्टी दिली आणि आमचे साडू उभे राहून 'ओखी! ओखी!' असं ओरडायला लागले. ओखी म्हणजे नाही. पंच तरुण होता म्हणून नवं ग्रीक. दोन्ही तालमींची, म्हणजे दोन्ही संघांची, पोरं आपापलं भांडण थांबवून त्यांच्याकडे बघायला लागली. एकानं विचारलं, "पावणं, तुमी कुठल्या गावचं?" ज्या पेठेत आयुष्य गेलं त्या पेठेत माणसाला पावणा केलं, यापेक्षा वेगळी पोचपावती विद्येला काय मिळणार?

पण सगळ्यांत मोठा ताप पाण्याचा. यांच्या घरात पाहुण्यापुढे पाणी ठेवत नसत. पाणी ग्रीकमध्ये मागायचं. जुन्यात 'हुडोर', नव्यात 'नेरो'. मागितल्याशिवाय तांब्या हलायचा नाही. शेजारीपाजारी येतानाच पाणी पिऊन येत. माझी मेव्हणी, आम्ही तिला आक्का म्हणतो, नवऱ्याची पाठ फिरली की हळूच पेला पुढे करायची. स्वतः तिनं एवढ्या वर्षांत एक ग्रीक शब्द तोंडातून काढला नाही. मुलगा पुण्यात, तो फोनवर 'बाबा, मराठीत बोला' म्हणतो. मी तर हट्टानं कोरड्या घशानं बसायचो. साडू मात्र दर खेपेला माझ्या तोंडाकडे बघत बसायचे, आज तरी हा मागेल म्हणून. त्यांना एकच हवं होतं: जगात एका तरी माणसानं आपल्याशी ग्रीकमध्ये बोलावं आणि ते आपल्याला कळावं. एवढीशी इच्छा, पण तीही पुरी करायला कोल्हापुरात ग्रीक माणूस आणायचा कुठून?

आणि ग्रीक माणूस आला. मी ज्या फाउंड्रीत मॅनेजर आहे, तिथे पंपाचं कास्टिंग बघायला. सत्तरी ओलांडलेला, पांढऱ्या मिशांचा, जर्मनीत मुलाकडे राहणारा म्हातारा. आमच्या मालकांना कुणीतरी साडूंबद्दल सांगितलं होतं. "तुमचं साडू ग्रीक बोलत्यात म्हणं? आणा की त्यास्नी!" मी परोपरीनं टाळायला बघितलं, पण मालकापुढे कुणाचं चालतं?

साडू लग्नातला कोट घालून फाउंड्रीत आले. रात्रभर जागून स्वागताचं भाषण पाठ केलेलं, म्हातारा वडीलधारा म्हणून सगळं जुन्या ग्रीकमध्ये. हात जोडून नमस्काराच्या 'खाइरे'पासून जे सुरू झालं ते पंख्याखाली चांगलं पाच-सात मिनिटं चाललं. म्हातारा सभ्य होता. शेवटपर्यंत ऐकलं आणि मग माझ्याकडे वळून स्वच्छ इंग्रजीत विचारलं, "ही इथली प्रार्थना आहे का?"

खोटं कशाला सांगू, मला आतून बरं वाटलं. साडूंनी कोटाची बटणं काढली, पुन्हा लावली. पुढचा सगळा वेळ म्हातारा माझ्याशी इंग्रजीत बोलला आणि जन्मभर इंग्रजी शिकवलेला हा माणूस मागून मुकाट्यानं चालत राहिला.

पण पावण्याला घरी जेवू घातल्याशिवाय सोडायचं नाही ही आपली रीत, आणि आक्कानं सकाळपासून चूल पेटवलेली. मालकांना कागलला लग्नाला जायचं होतं, म्हणून पावण्याला घेऊन मी एकटाच साडूंच्या घरी गेलो. तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, सुकं मटण, सगळा थाट. आम्ही वाटी तोंडाला लावून रस्सा ओढतो हे म्हाताऱ्यानं बघितलं आणि शिष्टाचार समजून तांबड्याची भरली वाटी एका दमात घशाखाली घातली.

क्षणभर काही झालं नाही. मग तो लाल झाला. डोळे गळायला लागले, हात टेबलावर काहीतरी शोधायला लागले. टेबलावर पाणी नव्हतं. साडूंच्या घरात ते कधीच नसायचं. मी घाबरून उभा राहिलो आणि काय झालं म्हणून इंग्रजीत विचारलं, पण त्याचं इंग्रजी त्या रश्श्यानं पार धुऊन नेलं होतं. त्याच्या तोंडून एकच शब्द येत होता, "नेरो! नेरो!" आक्काला वाटलं पावण्याला आवडलं, ती पळी घेऊन आली, "वाढू न्हवं आनखी?"

साडू जागच्या जागी ताठ झाले. चेहरा असा उजळला की मला त्यांच्या कानाखाली द्यावीशी वाटली. माणूस मरायला टेकलाय, आणि हे गृहस्थ आधी काय म्हणाले असतील? "हुडोर!" एवढ्या वयाच्या माणसानं नवा शब्द वापरलेला त्यांना रुचला नाही. म्हातारा टेबलावर मूठ आपटून पुन्हा ओरडला, "नेरो!" तेव्हा कुठे साडू धावले. कोटासकट, पाटाला अडखळून, अख्खा माठच उचलून घेऊन आले. म्हातारा पेल्यामागून पेला प्यायला. साडू ओतत होते. प्रत्येक पेल्याला तो म्हणायचा 'नेरो' आणि हे म्हणायचे 'ने, ने', म्हणजे हो, हो. एवढ्या सगळ्या ग्रीकमधून कामाला आले ते हे दोन शब्द.

निघताना म्हाताऱ्यानं साडूंचा हात हातात धरला आणि आपल्या भाषेत काहीतरी लांबलचक, भराभर बोलला. साडू मान डोलावत राहिले. त्यांना ओ की ठो कळलं नव्हतं, हे मला लगेच कळलं. गाडीत मी म्हाताऱ्याला विचारलं, काय म्हणालात? खिडकीबाहेर बघत तो सावकाश इंग्रजीत म्हणाला, "सून जर्मन आहे, नातवंडांना माझी भाषा येत नाही. बायको गेल्यापासून मी माझ्या भाषेत पाणी मागितलं आणि कुणी उठून आणून दिलं, असं झालं नव्हतं. ते आज झालं."

मी तसाच परत पेठेत गेलो. साडू त्याच टेबलाशी बसले होते, कोट अंगावरच, पुढे रिकामा माठ. "काय म्हणालं ओ पावणं?" त्यांनी विचारलं. माझ्याकडे न बघता. मी म्हातारा जे म्हणाला ते जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी माठ हातानं थोडा पुढे सरकवला. मग म्हणाले, "म्हंजे त्येच्या बी घरात तसंच हाय."

या माणसाचा मला मनापासून राग येतो, आजही येतो. पण त्या वेळी त्या रिकाम्या माठापुढे बसलेले ते बघून माझ्यानं राहवलं नाही. मी खुर्ची ओढली, घसा खाकरला आणि आयुष्यात पहिल्यांदा म्हणालो, "नेरो."

ते उठले. कुणी खरंच मागितलंय की चेष्टा चाललीय, हे दोनदा वळून बघितलं. आतून पेला भरून आणला, दोन्ही हातांनी माझ्यापुढे ठेवला आणि हळूच म्हणाले, "हुडोर."

"आवं, मी धाकटा की," मी म्हटलं. "मला नवंच चालतंय."

साडूंनी माझ्या डोक्यावरच्या पांढऱ्या केसांकडे बघितलं. "आता कुठलं धाकटं ऱ्हायलासा," ते म्हणाले. "प्या."