गिरणीवाल्याची महेश्वरी

शाळेच्या स्मरणिकेसाठी कर्नल महेश्वरीवर मी एक पान लिहून दिलं. 'मुरूमची शान' वगैरे. त्यातलं काही खोटं नाही. पण ते लिहिताना माझा जो जळफळाट होत होता, तो त्यात नाही. तो इथं लिहिते.

आम्ही दोघी मुरूम गावच्या. तिच्या वडिलांची, वीरभद्रअप्पांची, बाजारात पिठाची गिरणी, आमची आडत. दहावीपर्यंत एका बाकावर बसलो. तिच्या वेणीत कायम पीठ असायचं आणि पहिला नंबरही कायम तिचाच. दुसरा माझा. माझी आई, आम्ही तिला अव्वा म्हणतो, निकालाच्या दिवशी माझं प्रगतिपुस्तक हातात घेऊन दरवर्षी एकच प्रश्न विचारायची, "महेश्वरीला किती पडले?"

बारावीनंतर पुण्याच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयाची परीक्षा दोघींनी दिली. लेखी दोघी पास झालो. मुलाखतीत तिला विचारलं, वडील काय करतात? ती म्हणाली, "ज्वारी दळतात. सुट्टीत मीही दळते." मला विचारलं, सैन्यात का यायचंय? मी देशप्रेमाचं पाठ केलेलं भाषण सुरू केलं आणि निम्म्यात अडकले. ती गेली, मी राहिले. मग बाबांनी मला कर्नाटकात देणगी भरून डॉक्टर केलं. तिचं शिक्षण फुकट, वर अंगावर गणवेश. हे मला अजून पचलेलं नाही.

ती कॅप्टन होऊन राजस्थानात गेली, मग सिक्कीमकडं बर्फात. पुढं स्त्रीरोगाचं शिक्षण घेतलं. मीही तेच घेतलं होतं, म्हणजे तोवर बरोबरी होती. त्यानंतर तिनं जो विषय निवडला तो ऐकून मला खरोखर बरं वाटलं. बाळंतपणांनी ज्या बायकांचं अंग खाली उतरतं, ज्यांना लघवी धरवत नाही, त्यांचे आजार. युरोगायनॅकॉलॉजी. मी लग्नाकार्यात सांगत सुटले, "सैन्यात गेली, पण वाट्याला बंदूक नाही, लघवी आली." लोक हसायचे. अव्वा मात्र हसायची नाही. मला वाटायचं, लाडक्या महेश्वरीची चेष्टा तिला सोसत नाही.

अव्वाचं सांगायला हवं, कारण सगळं तिच्याशीच येऊन थांबतं. भाऊ पुण्याला गेल्यापासून ती माझ्याकडं असते. खाली माझा दवाखाना, वर आमचं घर. अठरा वर्षं मी मुरूममध्ये बाळंतपणं करते, आसपासच्या वीस गावांतल्या बायका माझ्याकडं येतात. पण आईनं एकदा, निदान एकदा, चार माणसांत म्हणावं की माझी उमादेवी मोठी डॉक्टर आहे, एवढी एकच हाव मला पन्नाशीला टेकले तरी सुटली नव्हती. ती ते कधी म्हणाली नाही.

आमच्यात, लिंगायतांत, गळ्यात इष्टलिंग असतं. सकाळी अंघोळ करून, कपाळाला विभूती लावून, ते तळहातावर घ्यायचं आणि पूजा करायची. अव्वानं हे सत्तर वर्षांत चुकवलं नव्हतं. बाबा गेले आणि दीडएक वर्षात तिनं लिंग चांदीच्या डबीतून बाहेर काढणंच बंद केलं. वरूनच हात लावायची आणि नमस्कार करायची. मठात जाणं थांबलं, लग्नांना जाणं थांबलं. मी सगळ्यांना सांगितलं, बाबांच्या जाण्यानं अव्वा देवावर रुसलीय. नातेवाइकांनी माना डोलावल्या. मठाच्या जंगमस्वामींनी घरी येऊन तिची समजूतही घातली.

गेल्या जानेवारीत महेश्वरी सुट्टीवर आली, तेव्हा शाळेनं तिचा सत्कार ठेवला. शाल घालायला मुख्याध्यापक बलभीम सरांनी मलाच उभं केलं. तिच्या केसांत आता पिठासारखंच पांढरं दिसत होतं, एवढंच काय ते समाधान. मग ती बोलायला उठली.

"जवानांच्या बायका ओपीडीत येऊन कंबरदुखी सांगतात," ती म्हणाली. "खरं दुखणं सांगत नाहीत. म्हणून मी त्यांच्या विणकामाच्या वर्गात जाऊन बसायचे. मला विणता येत नाही, नुसत्या सुया हातात. एखादीला खोकला आला की बघायचे, ही पाय आवळून धरते का? धरणारीच्या शेजारी सरकायचे. आणि विचारायचे, किती वर्षं झाली?"

मग तिनं माइकवर 'लघवी' हा शब्द पाचसहा वेळा उच्चारला. बलभीम सर छताचे पंखे मोजू लागले. पण मागच्या खुर्च्यांवरच्या बायकांची कुजबुज बंद झाली. त्यातल्या निम्म्या माझ्या पेशंट. माझ्यासमोर बसलेल्या असताना त्यांनी कधी अशी मान वर करून ऐकलं नव्हतं. त्यांना हाताला धरून बाहेर काढावं असं मला वाटलं.

अव्वा सत्काराला आली नव्हती. आयुष्यभर जिचं नाव जपलं, तिच्याच सत्काराला नाही! मला आतून गुदगुल्या झाल्या, हे कबूल करते. पण दुसऱ्या दिवशी सकाळी महेश्वरी स्वतःच घरी आली.

"काकू का आल्या नाहीत काल?"

"गुडघे," मीच उत्तर दिलं.

अव्वा तिच्यासाठी नाश्त्याला सुशीला करायला उठली. चुरमुरे भिजवले, फोडणीत हिरवी मिरची टाकली, आणि तिला जोराचा ठसका लागला. ओट्याला धरून ती खोकत उभी राहिली. मी खिडकी उघडली आणि खाली पेशंट आल्याचा निरोप आला म्हणून निघून गेले. महेश्वरीनं तेव्हा काय पाहिलं हे मला आता कळतं. मीही तिथंच होते, पण मला फक्त ठसका दिसला.

पाऊण तासानं महेश्वरी खाली माझ्या खोलीत आली. दार लावून घेतलं.

"उमा, अंग वर ठेवायची रिंग आहे का तुझ्याकडं? पासष्ट नंबरची?"

"कुणासाठी?"

"काकूंसाठी. तुला सांगायला त्या आत्ता कुठं तयार झाल्या."

तिनं हलक्या आवाजात सांगितलं. चार वर्षं अव्वाचं अंग बाहेर येत होतं. खोकलं, शिंकलं, वजन उचललं की लघवी व्हायची. पूजेला बसलं की मध्येच ओलं व्हायचं. उठून परत अंघोळ, परत विभूती, परत बसायचं, परत तेच. कडाक्याच्या थंडीत तीनतीनदा अंघोळ केली तिनं. शेवटी अशा अंगानं लिंग हातावर घ्यायला नको म्हणून डबी उघडणंच सोडलं. देवावर रुसली नव्हती ती. देवाला लाजत होती.

"ऑपरेशननं बरं होईल," महेश्वरी म्हणाली. "मला नोकरीत असताना बाहेर ऑपरेशन करता येत नाही. सोलापूरच्या एका चांगल्या डॉक्टरांना फोन केलाय. तोवर रिंगेनं भागेल."

माझ्या कपाटात रिंगांचा डबा पडून होता. पासष्ट नंबर शोधताना मी दोनदा चुकीची रिंग उचलली, आणि खरं सांगते, ते आईच्या काळजीनं नव्हतं. माझ्या आईचं दुखणं, माझ्या घरात, माझ्या डोक्यावरच्या मजल्यावर, आणि ते हिला पाऊण तासात मिळालं!

अव्वा जिन्यावरून एकेक पायरी उतरत आली. मी हातमोजे चढवले. ती दारातच थांबली.

"तू नगं. तिला करू दे. तू भाईर थांब."

मी हातमोजे काढले आणि बाहेर आले. बाहेरच्या बाकावर गौराबाई बसली होती, माझी जुनी पेशंट. ती सरकून जागा देत म्हणाली, "डॉक्टरीनबाई, तुमी भाईर कशा?" मी तिला दिलेलं उत्तर सांगायलाही लाज वाटते. मी म्हणाले, "आत साफसफाई चाललीय."

पंधरा मिनिटांनी अव्वा बाहेर आली, मागोमाग महेश्वरी. ताठ चालत होती. "लई हलकं वाटतंय गं," ती महेश्वरीला म्हणाली. गौराबाई आत जाऊन बसल्यावर मला राहवलं नाही. मी अव्वाला विचारलं, जरा चढ्या आवाजातच विचारलं, "घरात डॉक्टर असून मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं हुतं की," अव्वा म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. "तुज्या बाबांच्या पहिल्या पुण्यतिथीनंतर. खालच्या अंगाला जड वाटतंय म्हटलं. तू फोनवर हुतीस. म्हणलीस, या वयात असंच असतंय, अव्वा. पाणी पीत जा."

महेश्वरी बाकाजवळच्या बेसिनवर हात धूत होती. तिनं न ऐकल्यासारखं दाखवून नळ मोठा सोडला. तिनं तेव्हा काहीतरी बोलायला हवं होतं, म्हणजे मला तिच्यावर तरी ओरडता आलं असतं.

तो दिवस मी पुष्कळ आठवून पाहिला. फोनवर कोण होतं, अव्वा कुठं उभी होती, काहीच आठवत नाही. कसं आठवणार? ते वाक्य मी रोज कुणाला तरी म्हणते.