सरोदे सर आणि माशाचा कान

आमच्या कॉलेजातले चार जुने लोक चहाला बसले, की तिसऱ्या घोटाला झुऑलॉजीचे एचओडी सरोदे सर निघतातच! त्या माणसानं किस्सेच इतके करून ठेवले.

माशाच्या कानात तिळाएवढं हाड असतं. ते तपासलं की मासा कुठल्या पाण्यात जन्मला, कुठं वाढला, सगळं कळतं. आर्णीजवळच्या तलावातल्या रोहूंवर वनिताची पीएचडी चालली होती, गाइड सरोदे सर. वनिता कंत्राटी लेक्चरर. डिग्री मिळाली तरच पर्मनंट होणार होती.

*

तेव्हा कापसाचे फार वाईट दिवस होते. मुंबई-दिल्लीच्या साहेबांच्या गाड्या पाहणीला रोज जिल्ह्यात. कापूस लिहिल्याशिवाय प्रोजेक्ट मंजूरच होत नसे. सरांनी शीर्षक दिलं, 'कापूस पट्ट्यातील माशांचे कान'! पाहणीला आलेल्या साहेबानं विचारलं, "मासे कापूस खातात का?"

"अभ्यास चालू आहे सर!"

*

सर माळकरी. मासा दिसला की नाकाला रुमाल. पण फील्डवर्कची जीप त्यांच्या नावानं निघायची, म्हणून मासे आणणार तेच! पहिल्या खेपेला ऐटीत पिशवी टेबलावर ठेवली. वनितानं उघडली, तर एकाही माशाला मुंडकं नाही.

"सर, कान डोक्यातच असते ना!"

"अवं, मासेवाल्यानं इतक्या प्रेमानं विचारलं, साफ करून देऊ का? नाही कसं म्हणू?"

"बाजारातले नाही चालत सर. तलावातलेच पाह्यजेत."

पुढच्या खेपेला मुंडक्यासकट आले. "तलावातलेच आहेत," सर छातीठोकपणे म्हणाले.

*

हाडं मोठ्या शहरातल्या लॅबला गेली. रिपोर्ट आला: माशांचं बालपण समुद्राजवळच्या खाऱ्या पाण्यात गेलं! वनिता तडक तलावावर गेली, ओंजळभर पाणी प्यायली. चांगलं गोडं पाणी.

"सर, काहीतरी घोळ आहे."

"रिपोर्टपेक्षा तुही जीभ मोठी आहे का? शोध आहे हा, शोध! लिही, तलाव खारा होता."

गाइडची सही पाहिजे. बिचारीनं लिहिलं. मला तर सरांचा असा संताप आला होता!

*

व्हायवाला बाहेरचे परीक्षक आले. पहिलाच प्रश्न, "हे मासे तलावातून कोणी काढले?"

वनितानं सरांकडे पाहिलं.

"मी चिखलात कायले उतरू?" सर म्हणाले. "बाजारातून घेतले. पण विचारून घेतले साहेब! विकणारा म्हणाला, तलावातलेच आहेत."

"अहो, बाजारात रोज आंध्राच्या किनाऱ्यावरून माशांचा ट्रक येतो!" परीक्षकांनी थीसिस मिटला.

सरांच्या डोक्यात मात्र लख्ख उजेड पडला. टेबलावर थाप मारून म्हणाले, "पाहा साहेब, काय मेथड आहे! विकणारा खोटं बोलला, पण मासा नाही बोलला!"

वनिता उठली.

"मग सर, डॉक्टरेट त्या माशालेच द्या!"