हुकमास्तर आणि निळ्या दारांचं गाव

हुकमास्तरांना गाडी लागायची. आता लागते एकेकाला, त्यात काय मोठंसं, असं तुम्ही म्हणाल. पण मास्तरांचं पोटच प्रवाशांवर चालायचं ना! ज्या गाड्यांत लोक झोपतात, स्वयंपाक करतात, घर बरोबर घेऊन महिनोन्महिने हिंडतात, त्या कॅम्पर गाड्यांच्या पाठीला लोखंडी दांडा बसवायचा, दांड्याच्या टोकाला मुठीएवढा गोळा आणि त्या गोळ्यावर सायकली लादायचा रॅक. गल्लीच्या भाषेत तो दांडा म्हणजे हुक, आणि या कामापायी गल्लीने त्यांचं 'हुकमास्तर' करून टाकलं होतं. खरं नाव विचारलं तर शेजाऱ्यांनाही डोकं खाजवावं लागलं असतं. आणि हा माणूस स्वतः पुढच्या चौकापर्यंत जरी गाडीतून गेला, तरी पांढराफटक पडायचा. त्यावर कडी म्हणजे बायको शाळेच्या बसची ड्रायव्हर! लग्नानंतर मास्तर एकदाच हौसेने तिच्या बसमध्ये बसले होते. दोन-तीन थांबे होतायत न होतायत तोच पोरांनी नाकं धरून असा गिल्ला केला, की तिला बस बाजूला घेऊन नवऱ्याला उतरवावं लागलं. तेव्हापासून ती चाकांवर आणि हे पायांवर, असाच संसार चालला, आणि चांगला चालला.

म्हणजे मास्तर जन्मात कुठे गेलेच नाहीत का? गेले की. उताणे पडून गेले.

त्यांच्या शेडमध्ये चाकं लावलेली एक फळी होती. तिच्यावर पाठ टेकायची आणि पायाने रेटा देत गाडीच्या पोटाखाली सरकायचं. तिथे अर्धवट उजेड असायचा, तेलाचा वास असायचा, आणि डोळ्यांसमोर गाडीचं सगळं पोट पसरलेलं असायचं. गाडी जिथे जिथे जाऊन आली ते सगळं त्या पोटाला चिकटलेलं. पहिला नट हलवला, की छातीवर भसकन काहीतरी पडायचं. कधी तांबडी माती, कधी चुरलेलं गवत, कधी पांढरी बारीक वाळू, तिच्यात शिंपल्यांचा चुरा. मास्तर पाना बाजूला ठेवून ती वाळू बोटांवर घ्यायचे आणि तसेच पडून राहायचे. बाहेर गल्ली आपल्या नादात असायची, कुणीतरी दुकानाचं शटर ओढायचं, कुणीतरी कुणाला तरी रागवायचं. आणि इकडे शेडच्या फरशीवरून समुद्र हळूहळू आत यायचा. आधी टाचा भिजायच्या, मग पोटऱ्या. मग फळी अलगद उचलली जायची आणि मास्तर तरंगत निघायचे. या प्रवासात त्यांना कधीही मळमळलं नाही.

आता इतकं सगळं बघून आलेला माणूस गप्प कसा बसणार? जेवायला बसलं की मास्तर सुरू करायचे, "आज एक गिऱ्हाईक सांगत होतं बरं का..." गिऱ्हाईक कसलं सांगतंय कपाळ! गिऱ्हाईक 'कधी होईल' एवढंच विचारायचं आणि घड्याळाकडे बघत निघून जायचं. पण मी हे सगळं वाळूवरून रचलं, असं कसं सांगणार? लोक वेड्यात काढतील. म्हणून गिऱ्हाइकाचा आडोसा. बायको हनुवटीखाली हात घेऊन ऐकायची. जेवण गार व्हायचं, हात वाळायचे, आणि ती म्हणायची, "मग?"

एकदा वाळूबरोबर निळ्या रंगाचा एक पापुद्रा पडला. नखाएवढा. कुठल्या होडीचा, कुठल्या कुंपणाचा, देव जाणे. त्या पापुद्र्यातून मास्तरांनी एक अख्खं गाव उभं केलं. समुद्राच्या काठाला, सगळ्या घरांना निळी दारं. संध्याकाळी माणसं खुर्च्या घेऊन वाळूत येऊन बसतात, पाणी पायाला लागलं की खुर्ची थोडी मागे घेतात, बोलणं मात्र तोडत नाहीत. तिथली म्हातारी माणसंसुद्धा सायकलीवरून फिरतात, कारण गावात चढच नाही. हे गाव बायकोला इतकं आवडलं, की मधूनमधून ती स्वतःच विचारायची, "अहो, त्या निळ्या दारांच्या गावाकडचं कुणी आलं होतं का हो?" मग काय, यायचंच कुणीतरी. गावात हळूहळू एक न्हावी आला, एक भांडखोर मावशी आली, एक कुत्रं आलं, ते भरतीच्या वेळी पाण्यावर भुंकायचं.

असं वर्षानुवर्षं चाललं असतं. पण लेक मोठी झाली, शिकून दुसऱ्या गावी नोकरीला लागली, आणि एकदा सुट्टीला आली असताना जेवता जेवता तिने फोन काढला. "थांबा बाबा, बघू तरी हे गाव आहे कुठे," म्हणाली. तिने किनारा वर सरकवला, खाली सरकवला, मोठा केला, लहान केला. मग खो खो हसायला लागली. "बाबा, असं गावच नाहीये! बोलाचाच भात आणि बोलाचीच कढी!" पोरीच्या मनात काही वाईट नव्हतं, ती आपली हसली. पण मास्तरांच्या कानशिलांना आग लागली. तेवढ्यात बायको लेकीवर डाफरली, "नकाशात काय सगळंच असतं? आपली गल्ली तरी नीट दाखवतात का त्यात?"

हे मास्तरांना जास्त लागलं. लेक हसली तर हसली. पण बायकोने आपल्या थापेची बाजू घेतली, म्हणजे तिचा त्यावर खरंच विश्वास आहे! इतकी वर्षं आपण एका सरळ बाईला फसवत आलो, हे त्यांच्या मनाने घेतलं, आणि त्या दिवसापासून त्यांनी तोंडाला कुलूप लावलं. जेवताना 'मीठ दे' आणि 'झालं माझं', याच्यापलीकडे शब्द नाही. सुरुवातीला ती विचारायची, "आज कुणी आलं नव्हतं का हो?" मास्तर म्हणायचे, "गिऱ्हाईकं आता बोलत नाहीत पूर्वीसारखी." मग तिनेही विचारणं सोडून दिलं.

बायको निवृत्त झाली. बसच्या चाव्या शाळेत देऊन आली आणि त्याच आठवड्यात शेडपुढे हॉर्न वाजला. मास्तर हात पुसत बाहेर येऊन बघतात तर एक जुनी, पोक्त, कडेला थोडी चेपलेली कॅम्पर गाडी, आणि स्टिअरिंगवर ही! मागच्या दाराशी आडवा पलंग, एक शेगडी, खिडकीला पिवळे पडदे.

"घेतली," ती म्हणाली. "मागे सायकलींचा रॅक बसवून द्या. निळ्या दारांच्या गावी जाऊन येते."

मास्तरांनी विचारलं, "एकटी?"

"यायचं तर या. तुमचा हात कुणी धरलाय? आणि हो, रॅक दोन सायकलींचा हवा."

"दोन कशाला?"

"एका सायकलीने तोल जातो म्हणून तुम्हीच सांगता ना गिऱ्हाइकांना?" असं म्हणून ती पडदे धुवायला घेऊन गेलीसुद्धा.

झाली पंचाईत! नसलेल्या गावाला बायको निघाली, आणि तिला तिथे पोचवायची तयारी कुणी करायची, तर ते गाव रचणाऱ्याने. मास्तरांना डोळ्यांसमोर दिसायला लागलं: ही किनाऱ्याकिनाऱ्याने गाडी थांबवत चालली आहे, उतरून माणसांना विचारते आहे, निळ्या दारांचं गाव कुठे हो? आणि माणसं एकमेकांकडे बघून हसतायत. आपल्याला हसली असती तर चाललं असतं. पण तिला? दुसऱ्यांची पोरं आयुष्यभर सुखरूप घरी पोचवणारी बाई ती, आणि तिला आपल्यामुळे लोकांनी वेडी म्हणायचं? गाडी निघायच्या आत तिला खरं सांगायला हवं होतं. आणि सांगायला काही तोंड उघडेना.

म्हणून मग रॅक होईना. आधी दांड्याचं माप चुकलं. मग सांडपाण्याची टाकी मधे आली, ती सरकवली. हे मात्र खरं होतं. मग गंज खरवडून रंग दिला, रंग वाळेना. मग दिव्यांच्या वायरी. सायकली लादल्या की गाडीचे मागचे दिवे झाकले जातात ना, म्हणून रॅकला वेगळे दिवे आणि नंबराची पाटी लावावी लागते. मास्तरांनी त्या वायरी तीनतीनदा ओढल्या आणि तीनतीनदा सोडवल्या. बायको येता-जाता टोमणे मारायची, "नमनालाच घडाभर तेल! अहो, लग्नाला उभे राहताना तरी एवढे आढेवेढे घेतले होते का?"

फळीवर पडल्या पडल्या मास्तर त्या गाडीच्या पोटाकडे बघत राहायचे. एवढी हिंडलेली गाडी, पण कुणीतरी विकण्याआधी खालून स्वच्छ धुऊन टाकलेली. मातीचा कण नाही, वाळू नाही. ते बघत राहायचे, समुद्र येईल म्हणून वाट बघायचे, आणि फरशी नुसती गार लागायची.

अखेर सबबी संपल्या. एका दुपारी दोन्ही सायकली रॅकवर चढवून झाल्या, पट्टे आवळून झाले. मास्तरांनी सायकली धरून गदागदा हलवल्या, गाडी हलली पण रॅक हलला नाही. पायाने कळ दाबून रॅक मागे झुकवला, मागचं दार सताड उघडलं. पलंगावर पडल्या पडल्या बाहेरचं सगळं दिसलं असतं. आता दांड्याचे शेवटचे दोन बोल्ट आवळायचे राहिले होते. मास्तर गाडीखाली गेले. बायको स्टूल ओढून बाहेर बसली, मांडीवर पाने-पकडी घेऊन. मास्तरांना तिचे फक्त पाय दिसत होते, आणि सपातांवर उडालेले रंगाचे थेंब.

"मोठा दे," ते म्हणाले. पाना आला. पहिला बोल्ट आवळून झाला. दुसऱ्याला पाना लावला आणि हात थांबला.

"अगं."

"काय?"

"ते गाव नाहीये."

पाय हलले नाहीत. मास्तरांना वाटलं, ऐकू गेलं नसेल. मग मात्र बांध फुटल्यासारखं सगळं बाहेर आलं. "कुठलंच गिऱ्हाईक कधी काही सांगत नव्हतं. वाळू पडायची, माती पडायची, बाकीचं मी लावायचो. एक निळा पापुद्रा पडला होता, बस. ती मावशी मीच केली. ते कुत्रंसुद्धा. तू जाऊ नकोस तिकडे. लोक हसतील तुला. मला नाही ते सहन व्हायचं."

मग वरून ती हसल्याचा आवाज आला, दाबून दाबून हसल्याचा.

"अहो, कुत्रं तर आपल्या शाळेच्या पहारेकऱ्याचं होतं," ती म्हणाली. "एक कान पडलेला होता की नाही त्याचा? आणि ती भांडखोर मावशी म्हणजे माझी मोठी बहीण. शब्दसुद्धा तिचेच उचलले होते तुम्ही. मला काय कळत नव्हतं?"

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"पहिल्यापासून. तुमच्या गिऱ्हाइकांना चहा कोण द्यायचं? मीच ना? मुलखाची मुखदुर्बळ माणसं ती. ती कशाला मावशीचं भांडण सांगतायत!"

मास्तर गाडीच्या पोटाकडे बघत राहिले. लाज वाटत होती, हसूही येत होतं, आणि त्या दोन्हींच्या तळाशी काहीतरी दुखत होतं. "मग निघालीस कुठे तू?" त्यांनी विचारलं.

आता तिच्या आवाजात हसू नव्हतं. "तुम्ही बोलायचं थांबलात. पोरीने एकदा चेष्टा केली आणि तुम्ही माझ्याशी बोलायचं थांबलात. माझं काय चुकलं होतं? जेवताना मला भिंतीवरचं घड्याळ ऐकू यायला लागलं. रोज त्याच रस्त्यावरून तीच बस घेऊन फिरायची मी, फिरून फिरून त्याच फाटकाशी. घरी येऊन तुमच्याबरोबर समुद्रावर जायचे, म्हणून ते चालायचं. मग तेही गेलं. म्हटलं, खरी वाळू दाखवली तर बोलतील. इथे नाही तर तिथे बोलतील. नाहीच आलात तर डबा भरून वाळू आणीन आणि ओतीन तुमच्या छातीवर."

मास्तर उताणे पडलेले असल्यामुळे डोळ्यांतलं पाणी गालांवर आलंच नाही, दोन्ही बाजूंनी थेट कानांत गेलं. ते पुसायला हात वर घेतला तर हाताला काळं तेल. तसंच राहू दिलं. एवढ्या वर्षांत आपण हिला गोष्टी सांगतो असं त्यांना वाटत आलं होतं. ती दोघांची सहल होती, आणि आपण एकटेच उतरून निघून गेलो, हिला मागे टाकून, हे आत्ता कळत होतं. त्यांनी पाना पुन्हा बोल्टला लावला आणि अंगातला सगळा जोर काढून आवळला. पाना 'टक्' वाजला, म्हणजे बोल्ट पुरता बसला.

"झालं?" तिने विचारलं.

"झालं." मास्तर तसेच पडून राहिले. चौकापर्यंतचा रस्ता त्यांनी मनातल्या मनात करून बघितला, मग त्याच्या पुढचं वळण, मग त्याच्याही पुढचं. पोट आत्तापासूनच ढवळायला लागलं होतं.

"अगं," ते म्हणाले, "बादली घेशील का बरोबर?"

"कधीच घेतलीय," ती म्हणाली. "झाकणाची."