गल्लीभर झालेली चोरओटी

कोऱ्या खणाच्या खळीचा वास आला, की मी आजही कडेगावच्या माजघरात पाटावर अडकून बसते.

तेव्हा पदरात दोन पोरं होती, तिसरं नको होतं. दुसऱ्या दिवशी सांगलीला जाऊन गर्भपात करून घ्यायचं मी ठरवलं होतं. हे मी फक्त फौजेतल्या नवऱ्याला फोनवर सांगितलं, आणि त्या शूर जवानानं तासाभरात आईला कळवलं!

तिसऱ्या महिन्यातली चोरओटी खरं तर गुपचूप भरायची. सासूबाईंनी त्याच संध्याकाळी अख्खी गल्ली गोळा केली. तांदूळ, नारळ, खण माझ्या पदरात पडले.

"आवं आत्या, अजून त्यात जीव तरी हाय का?" मी सासूबाईंच्या कानात कुजबुजले.

"समद्यास्नी सांगून आलीया मी. आता हाय!"

बायका खिदळल्या. नाटकी मी जन्माचीच, मीही हसले. पण पदर सोडून उठायची हिंमत झाली नाही. सांगली राहिली ती राहिलीच.

परवा धाकटीला हे सगळं रंगवून सांगितलं. ती हसता हसता थांबली.

"म्हणजे मी नको होते तुला?"

"तवा नको होतीस. पण मला इचारलं कुणी?"

ती माझ्याजवळ सरकली. "मी असते तर विचारलं असतं."