तारीख टाका, साहेब

उत्तम हिवराळे प्रत्येक वस्तूवर तारीख टाकायचे. लोणच्याच्या बरणीवर, नव्या झाडूच्या दांड्यावर, चपलेच्या तळाला, बल्ब बदलला तर होल्डरशेजारी भिंतीवर. शर्टाच्या खिशाला पेनऐवजी जाड मार्कर लावलेला असे. वस्तू किती टिकते हे पाहण्यासाठी ते असं करतात, असा माझा पुष्कळ वर्षं समज होता. एकदा विचारलं, तर म्हणाले, "टिकण्याचं कोण बघतंय? आली कधी, ते ध्यानात ऱ्हावं म्हणून."

वाळूजच्या ज्या कारखान्यात मी स्टोअर सांभाळत होतो, तिथे ते मेंटेनन्सचे फिटर होते. मूळचे पिशोरचे, राहायला बजाजनगरात. पहिल्यांदा माझ्या टेबलापाशी आले ते रंगाचे चार रिकामे डबे बाहेर नेण्याच्या गेटपाससाठी.

"कशाला हवेत?"

"शेवंती लावायचीय. पाऊस उघडला की कळी धरती."

मी सही करून कागद दिला. त्यांनी तो वाचला आणि पुन्हा माझ्यासमोर सरकवला. "सही झाली साहेब, तारीख राहिली."

आमची ओळख अशी झाली. ती पुढे पस्तीस वर्षं टिकली. मी आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आहे आणि हिवराळे या पावसाळ्यात गेले. त्यांच्याविषयी चांगलं लिहिणं अवघड नाही. पण त्यांच्या शोकसभेत मी एक वाक्य बोललो, ते खोटं होतं. ते दुरुस्त करण्यासाठी हे लिहायला बसलो आहे.

हिवराळ्यांचा खरा सण म्हणजे पाऊस संपल्यानंतरचे सहा आठवडे. दुपारी ऊन चटका द्यायचं, पण पहाटेच्या वाऱ्याची दिशा बदललेली असायची. मग कारखान्यात येऊन ते पहिलं वाक्य बोलत, "हवा फिरली साहेब." थोड्याच दिवसांत धोबी पक्षी यायचा. पांढरा-काळा, चिमणीपेक्षा जरा लांब, जमिनीवर तुरुतुरु चालत सारखी शेपटी हलवणारा. तो दिसला की त्यांचा मला फोन. "धोबी आला." एवढंच बोलून फोन ठेवून द्यायचे. त्यांच्या घरी भिंतीवरच्या कॅलेंडरला सुतळीने पेन बांधलेलं होतं. तिथे त्या तारखेच्या चौकोनात नोंद व्हायची: धोबी आला. शेवंतीला पहिली कळी. आज चहा गच्चीत.

या सहा आठवड्यांत ते ओव्हरटाइम करत नसत. एका सुपरवायझरने खूप आग्रह केला, तेव्हा त्याला म्हणाले, "वर्षातून दीड महिना चांगली हवा असती. ती बी मशीनला देऊ का?" पुढे सुपरवायझरची जागा त्यांना मिळत होती, तीही त्यांनी घेतली नाही. आम्ही स्टोअरमधले लोक त्यांना मागे 'निवांतराव' म्हणायचो. त्यात थोडी थट्टा होती आणि बराचसा हेवा होता.

मी त्यांच्याकडे महिन्यातून दोनदा तरी जात असे. छोट्या गच्चीत दोन डबे पालथे घातलेले असत, एक त्यांचा आणि एक त्यांच्या पत्नीचा, गयावहिनींचा. वहिनींच्या डब्यावर जुन्या लुगड्याची गादी शिवलेली होती. मी गेलो की ते आपला डबा मला देत आणि स्वतः उंबऱ्यावर बसत. वहिनी बोलायला फटकळ होत्या.

"बरणीला तारीख, झाडूला तारीख. मला बी एक चिठ्ठी चिकटवा की," त्या म्हणत.

"तुला कशाला? तुझी तारीख पाठ हाय मला."

"मग सांगा बरं साहेबांपुढं."

ते खरोखर सांगत. वार, तिथी आणि त्या दिवशी हवा कशी होती तेही. वहिनी तोंड फिरवून शेवंतीला पाणी घालायला लागत. घरात बोलायला काही शिल्लक नसलेली जोडपी मी खूप पाहिली आहेत. हे दोघं मात्र गप्प बसत तेव्हा त्यांचं बोलणं थांबलंय असं वाटत नसे.

त्या घरी मी किती वेळा जेवलो! ज्वारीची भाकरी, ठेचा, सणाला पुरण. निघताना दारात मी दरवेळी म्हणायचो, "आता तुम्ही दोघं या आमच्याकडे जेवायला."

हिवराळे हसत म्हणायचे, "तारीख टाका, साहेब."

"कळवतो," मी म्हणायचो.

आमचं घर समर्थनगरात. घराण्यात भिक्षुकी, आणि नोकरी करणारा मी पहिला. हिवराळे बौद्ध. कारखान्यात एका टेबलावर डबा खाताना मला कधी काही वाटलं नाही. मी स्वतःला सुधारलेला समजत होतो आणि तसं बोलतही होतो. मग तारीख टाकायला सात-आठ वर्षं का लागली, याचं उत्तर त्या काळी माझ्याकडे तयार होतं: घरात आई आहे, तिला चालायचं नाही. आईला मी कधी विचारलं नव्हतं.

एका आश्विनात अखेर मी तारीख टाकली. रविवारी दुपारी जेवायला या, असं सांगितलं. हिवराळ्यांनी माझ्यादेखत तळहातावर मार्करने ती लिहून घेतली. माझी बायको सुधा खूश झाली. शनिवारी तिने पुरणासाठी डाळ निवडून ठेवली. संध्याकाळी शेजारचे नाना कुंपणाशी आले आणि सहज म्हणाले, "काय, उद्या पुरणपोळी दिसते. कोण येतंय?"

मला हिवराळे हे नाव घ्यायचं होतं. तोंडातून निघालं, "कोणी नाही."

कोणी नाही म्हटल्यावर आता कोणी येणार कसं? रविवारी सकाळी मी फोन केला आणि सांगितलं की आईची तब्येत एकाएकी बिघडली आहे. सुधाला वेगळंच सांगितलं. "आईला ते पसंत नाही. तू तिच्यापाशी विषय काढू नकोस, उगाच वाद होईल." एका सकाळी एकाच बाईच्या नावावर दोन थापा. दुपारी पुरणपोळी आम्ही तिघंच जेवलो.

दिवस मावळायच्या सुमारास फाटकाशी स्कूटर थांबली. हिवराळे होते. हातात शेवंतीचा डबा, कळ्यांनी भरलेला. गयावहिनी पलीकडे स्कूटरपाशीच उभ्या राहिल्या, जांभळ्या रंगाची नवी कोरी साडी नेसून.

"आईंची तब्येत कशी हाय?" त्यांनी विचारलं. आजारी माणसाला भेटायला आले होते.

आई व्हरांड्यात शेंगा सोलत बसली होती. तिने ऐकलं. "मला काय झालंय? मी ठणठणीत आहे. कोण रे ते?"

हिवराळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, क्षणभरच. मग व्हरांड्याकडे वळून म्हणाले, "काय नाय आई, औषध लागू पडलं म्हणायचं."

"कसलं औषध? अरे, त्याला आत तरी बोलव. फाटकात काय उभं केलंस?"

"घाईत आहेत ते," मी म्हणालो.

"व्हय आई," हिवराळे म्हणाले, "घाईतच हाय." त्यांनी डबा माझ्या हातात दिला आणि ते गेले. घाईत नसलेला असा दुसरा माणूस माझ्या पाहण्यात नाही. दुसऱ्याचं खोटं त्यांनी दोनदा आपल्या अंगावर घेतलं, तेही आवाज न बदलता.

डब्यावर पांढऱ्या ऑइलपेंटने त्या रविवारची तारीख घातलेली होती. ती बाजू मी भिंतीकडे करून ठेवली.

पुढच्या महिन्यात मी नेहमीसारखा बजाजनगरला गेलो. त्यांनी आपला डबा पुढे केला, चहा आला, शेवंतीच्या गोष्टी झाल्या. काहीच बदललं नव्हतं. निघताना मी सवयीने म्हणालो, "या एकदा घरी." ते हसले. पण 'तारीख टाका' म्हणाले नाहीत. त्यानंतर ते कधीच म्हणाले नाहीत. वर्षभरातच आई गेली. मग तर अडचण काहीच उरली नव्हती. तरी सव्वीस वर्षं गेली.

या काळात मी मित्रांना, मुलीला, सगळ्यांना सांगत राहिलो की हिवराळ्यांना घरी बोलवायचं फार मनात होतं, पण आमची आई जुन्या वळणाची. आई उलटून बोलायला नव्हती.

बजाजनगरच्या विहारात शोकसभा झाली. मला बोलायला सांगितलं. मी म्हणालो, "आमचा दोन्ही घरांचा घरोबा होता. त्यांच्या पंगतीला मी आणि माझ्या पंगतीला ते किती वेळा बसले असतील, सांगता येणार नाही." लोकांनी माना डोलावल्या. पुढच्या ओळीत गयावहिनी बसल्या होत्या. त्यांनी फक्त पदर सारखा केला. निघताना मला म्हणाल्या, "चहा घेऊन जावा साहेब." मी कप तसाच ठेवून निघालो.

गेल्या आठवड्यात पहाटे उठलो तर वारा फिरलेला होता. फोन येणार नव्हता. दुपारी मीच गेलो. गच्चीत दोन्ही डबे होते. वहिनी आपल्या डब्यावर बसल्या आणि मी उभाच राहिलो.

"वहिनी, त्या रविवारी आई आजारी नव्हती."

"माहीत हाय. मी स्कूटरपाशीच होते की. कान हायेत मला."

मग त्या आत गेल्या आणि जुन्या कॅलेंडरांचा गठ्ठा घेऊन आल्या. त्यातलं एक काढायला त्यांना शोधावं लागलं नाही. रविवारच्या चौकोनात हिवराळ्यांचं बारीक अक्षर होतं: साहेबांकडे जेवण. त्यावर एक रेघ. खाली: आई आजारी, जाणं रहित. त्याखाली: भाकरी बांधून मकबऱ्याच्या बागेत गेलो. गया नव्या साडीत. हवा फार छान. आणि शेवटी, वेगळ्या शाईत: आई बऱ्या आहेत. बरं झालं.

"मला लई राग आला होता," वहिनी म्हणाल्या. "घरी आल्यावर मी म्हनलं, आता ह्या माणसाला चहा बी द्यायचा नाय. तर म्हणले, चहा आपला हाय गया. तो कशाला बदलायचा?"

त्यांनी ते कॅलेंडर गठ्ठ्यात परत सरकवलं. "ते बदलले नाय. मी बदलले होते. तुम्हाला कळलं नसंल. त्या दिवसापासनं तुमच्या चहात मी कधी आलं टाकलं नाय."

मला खरंच कळलं नव्हतं.

"जेवायला या," मी म्हणालो.

"तारीख?"

भिंतीवरच्या कॅलेंडरचं सुतळीचं पेन अजून तिथेच होतं. या रविवारच्या चौकोनात मी लिहिलं. अक्षर वाईट आलं. वहिनींनी ते वाचलं. "येईन का नाय, ते माझं मी ठरवीन," त्या म्हणाल्या. मग आत जाऊन त्यांनी चहा टाकला. त्यात आलं होतं की नाही ते मी सांगणार नाही.

घरी येऊन सुधाला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "निदान आईंना तरी यातून सोडायचं होतंत." तेवढ्यासाठीही हे लिहिलं. आईची चूक नव्हती. तिने आत बोलवायला सांगितलं होतं.

आज शनिवार. सुधाने डाळ निवडून ठेवली आहे. नाना आता नव्वदीला आले आहेत, तरी संध्याकाळी कुंपणाशी येतातच. "कोण येतंय उद्या?" त्यांनी विचारलं.

"गयाबाई हिवराळे," मी सांगितलं. त्यांना ऐकू कमी येतं म्हणून पुन्हा एकदा, मोठ्याने सांगितलं.

मग व्हरांड्यात जाऊन मी तो गंजलेला डबा फिरवला. शेवंतीला कळ्या आल्या आहेत. आता फाटकातून आत येणाऱ्याला आधी ती तारीख दिसेल.